राणी सातव्या डोंगरावर अडली

३ मार्च. संध्याकाळी पाच. गॅलरी.

आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, फोनला येतं. आमच्या मौनीबाबांनी, म्हणजे चिरंजीवांनी, बटण दाखवलं. इथे अंगठा ठेव, बोल, तो लिहितो म्हणाला. म्हटलं, आणि वाचणार कोण? म्हणाला, तूच. महिन्यातून एकदा तोंड उघडतो आणि त्यात विनोद करतो.

पण विचार केला तर सोय उत्तम आहे. मलाच वाचता येत नाही, म्हणजे कुणीच वाचणार नाही. तेव्हा खरं तेवढंच सांगायचं असं ठरवलं आहे. कामावरच्या मशिनींनी माझे कान अर्धे नेले, त्यामुळे आवाज जरा मोठा लागतो. लागू दे. गॅलरीत आहे कोण? दोन कुंड्या.

पहिलं खरं : सूनबाई गेली त्यात माझा काडीचा दोष नाही.

४ मार्च. पाच वाजता.

काल सांगता सांगता दूध उतू गेलं. आज पुढचं.

सूनबाई औषधांच्या कारखान्यात आहे. बाटली उजेडासमोर धरायची, आत कण दिसतो का बघायचं, की पुढची बाटली. दिवसभर हेच. तिला लांबच्या गावच्या कारखान्यात सुपरवायझर केलं. बसने सहा तास. जानेवारीत गेली ती दीड महिन्याचं ट्रेनिंग म्हणून. दीड महिना कधीच उलटला. आता म्हणते, एप्रिलमध्ये शाळा संपली की भिंगरीलाही इकडेच आणते. भिंगरी म्हणजे माझी नात. वय पाच. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी.

लोक म्हणतात माझ्या बोलण्यामुळे गेली. लोक म्हणजे खालच्या मजल्यावरची शिवणबाई. पण मी बोलले काय? सूनबाई लेकीला झोपवताना पुस्तकातून गोष्ट वाचायची. मी दारातून एवढंच म्हटलं, आज पुस्तकात बघून गोष्ट सांगतेस, उद्या पुस्तकात बघून कुशीत घेशील. मस्करी केली. तिने पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी साहेबाला हो सांगून आली. आता यात माझा संबंध कुठे आला?

मौनीबाबा म्हणाले, आई, तू एकदा तिच्याशी नीट बोल, येईल ती. एका दमात एवढे शब्द! त्यानंतर दोन पेले पाणी प्यायला.

बोलणार आहे. पण पंधरा दिवसांत ती आपणहून येते, पैज लावते. मग उगाच कशाला तोंड वेंगाडायचं?

५ मार्च.

भिंगरी झोपत नाही. आठ वाजले की सुरू. आई कधी येणार, आई कधी येणार. दिवसाआड संध्याकाळी सूनबाईचा फोन मौनीबाबांच्या फोनवर येतो. भिंगरी तो कानाला लावते आणि नुसती मान हलवते. पलीकडे मान दिसते का? मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते. नेमकी तेव्हाच भांडी पडलेली असतात.

उपाय काढला. गोष्ट. चार दिवसांत पोरगी आईचं नाव काढणार नाही. सूनबाईची पुस्तकं कपाटावर ठेवली. धूळ बसते खाली.

गोष्टीत मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन टोकांना दोघी. ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे. जवळ आलं की मी गोष्टीचा एक तुकडा सांगायची आणि मागे सरायची. समोरची पुढच्या तुकड्यासाठी पळत यायची. माझ्या जोडीला चादरी दुप्पट व्हायच्या, असं मुकादमबाई स्वतः म्हणायच्या. गोष्ट संपवायची कशी, असा प्रश्नच नसे. भोंगा झाला की संपली.

६ मार्च.

काल रात्री आठला गोष्ट सुरू केली. एका राणीची सावली हरवली. ती शोधायला राणी सात डोंगरांपलीकडे गेली. छोटी राजकन्या घरी राहिली. भिंगरी म्हणाली, सावली कशी हरवेल? उन्हात उभं राहिलं की येतेच. म्हटलं, राण्यांचं वेगळं असतं.

मग सुचलं ते सुचलंच. भिंगरी दूध पीत नाही. म्हटलं, राजकन्येने दुधाचा एक कप रिकामा केला की राणी एक डोंगर जवळ येते. पोरीने उठून कप रिकामा केला आणि झोपली. एका दगडात दोन पक्षी! सूनबाई दोन वर्षं दुधामागे धावत होती. तिला बाटलीतला कण दिसतो, हे नाही दिसलं.

७ मार्च.

भिंगरीने सकाळपासून दुपारपर्यंत सहा कप दूध प्यायलं. मग ओकली. हरकत नाही, पोट साफ झालं. ओकलेला कप धरायचा का, असं विचारत होती. धरायचा म्हटलं. आता रडणाऱ्या पोरीला काय सांगणार?

परवाचा एक धरून सात झाले. मग मला विचारलं, आता राणी आली ना? दाराकडे बघत होती. म्हटलं, सातव्या डोंगराखाली नदी आहे. पूर आलाय.

उद्या नदी ओसरवून गोष्ट संपवते. तोवर सूनबाईला फोन होईलच.

१० मार्च.

नदी ओसरायला वेळ लागणार. मध्ये नावाडी घातला. नावाडी झोपलेला असतो. राजकन्येने न रडता केस विंचरून घेतले की तो एक डोळा उघडतो. भिंगरीच्या केसांत एवढा गुंता, पण हूं नाही की चूं नाही. डोळ्यांतून पाणी, तोंड बंद. अगदी बापावर गेली.

माझ्या गोष्टीने मूल कसं वळणाला लागलं, हे शिवणबाईला सांगितलं. ती म्हणाली, वळणाला लागलं की वेठीला? जिची स्वतःची पोरं भेटायला येत नाहीत, तिने बोलू नये. असं मी म्हटलं नाही. फक्त मनात म्हटलं. आणि इथे.

१३ मार्च.

शाळेतून बोलावणं. बाई म्हणाल्या, भिंगरी सुट्टीत खेळत नाही. इतर मुलांचं उरलेलं दूध मागून पिते. का विचारलं तर सांगते, राणी अडलीय. घरी काही आहे का, आजी? म्हटलं, घरी सगळं आहे. फ्रिज आहे. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. नवीन बाई आहे, पोरं नसतील. नाचता येईना अंगण वाकडं.

परत येताना भिंगरीने माझं बोट धरलं नाही. हात खिशात होते. थंडी वाजत असेल.

१६ मार्च. रविवार.

आज फोन करायचाच, असा निश्चय. सोपं आहे. फोनमध्ये सूनबाईचा फोटो आहे, त्यावर अंगठा ठेवला की लागतो. पण लाँड्रीच्या सोड्याने माझ्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या आहेत. काच माझा अंगठा ओळखत नाही. तीनदा ठेवला. म्हणजे वर धरला. नाहीच लागला.

(हे बटण मात्र ओळखतं. मोठं असेल.)

२० मार्च.

पंधरा दिवस झाले. सूनबाई आली नाही. पैज कुणाशी लावली नव्हती हे बरं.

भिंगरीने काल विचारलं, राणीला सावली शोधायला पाठवलं कुणी? म्हटलं, चेटकिणीने. चेटकीण काय म्हणाली? हे मी ठरवलं नव्हतं. तर पोरगीच म्हणाली, ती म्हणाली असेल, कामावर जाताना तोंड हसरं आणि घरी आलं की बंद दुकान!

वाक्य चांगलं आहे. कुठे ऐकलं असेल? हल्ली शाळेत काय काय शिकवतात.

२३ मार्च. रविवार.

मौनीबाबा लिफ्टचे मेकॅनिक. शहरभर लोकांना वरखाली करतात, स्वतः मधल्या मजल्यावर अडकलेले. आज सुट्टी होती तरी सकाळी पेटी घेऊन निघाले. म्हटलं कुठे? तर आपल्याच लिफ्टच्या खोलीत. दुपारपर्यंत तेल, तारा, खाडखूड. जेवायला वर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा. विचारलं, लिफ्ट तर चालू होती की. म्हणाला, भिंगरीने सांगितलं, राणी नदी ओलांडून आली आणि नेमकी लिफ्ट बंद असली तर?

मग म्हणाला, आई, केलास का फोन?

म्हटलं, करते आहे. जेव तू आधी. तो जेवला नाही. मीही नाही. भाजी बिघडली असेल.

२६ मार्च. रात्री.

आता गोष्ट संपवायचीच. पक्का बेत असा. एक, राणी येते. दोन, ती म्हणते, मी कामाला जाते, पण तू माझीच. तीन, राजकन्या शहाण्यासारखी हसते. चार, दिवा बंद. दुपारी उशीसमोर म्हणून पाहिलं, झकास झालं.

आठ वाजता भिंगरी पांघरुणावर बसली, तोंड धुतलेलं, केस ओढून बांधलेले, कप रिकामा. म्हणाली, आज मी सगळं केलंय. तिचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, राजवाड्याच्या फाटकाची किल्ली माशाने गिळली.

माशाला काय द्यायचं, असं तिने विचारलंही नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. झोप लागली असेल. पाठ हलत होती, पण झोपेत हलतेच.

२७ मार्च.

फोन उद्या. आज नखं काढायची होती.

३० मार्च. रविवार. न्हाणीघर.

आजपासून गॅलरीत बोलणार नाही. नळ सोडून ठेवला आहे.

काल रात्री भिंगरी म्हणाली, आजी, आज मी सांगते. म्हटलं, सांग बाई, मलाही आराम. मौनीबाबा दारात उभे होते. तिने सुरू केलं, एक म्हातारी होती. तिच्याकडे छोटा आरसा होता. ती रोज पाच वाजता गॅलरीत जायची आणि आरशाला सांगायची, उद्या फोन करते. आरसा काही बोलायचा नाही, बाबासारखा. म्हातारी म्हणायची, माझा काडीचा दोष नाही. मग म्हणायची, पुस्तकात बघून कुशीत घेशील. मग म्हणायची, मी फक्त मस्करी केली.

शब्द न् शब्द. उशीला टेकून, माझ्यासारखा हात फिरवत.

म्हटलं, हे कुठे ऐकलंस? म्हणाली, गॅलरीचं दार उघडंच असतं की. मी दारामागे बसते. ती गोष्ट जास्त चांगली आहे. आणि आजी, पाच वाजले की खालची शिवणबाई मशीन थांबवते.

म्हणजे जवळजवळ चार आठवडे मी अख्ख्या इमारतीला रोजनिशी वाचून दाखवली. एकटी मीच ती वाचू शकत नव्हते.

पण ते मरो. मी विचारलं, मग दुधाने कुणी येत नाही हे तुला ठाऊक होतं, तरी कप का रिकामे करत होतीस?

म्हणाली, खरं असलं तर?

मौनीबाबा दारातून निघून गेले. लिफ्टची जाळी ओढल्याचा आवाज आला. माझी पाठ भिंतीला टेकली होती, म्हणून बसूनच राहिले.

३१ मार्च.

फोन केला. खरंच केला. अंगठा लागला, पहिल्याच वेळी. सूनबाईने उचलला, आई, काय झालं? भिंगरी बरी आहे ना? मी सगळं पाठ केलं होतं. त्या दिवशी मी बोलले ते चुकलं, तू ये. आठ-दहा शब्दांचं काम.

मी विचारलं, तिकडे पाणी किती वेळ येतं?

ती म्हणाली, चोवीस तास. म्हटलं, वा. आणि ठेवला.

सुरुवात तर झाली.

३ एप्रिल.

सूनबाईने मौनीबाबांना कळवलं. तेरा तारखेला, रविवारी येते. राहायला नाही, न्यायला. तिकडच्या शाळेत नाव घातलं. खोलीही घेतली, खिडकीची. मौनीबाबा दर शनिवारी जाऊन सोमवारी येणार. त्याने हे मला सांगताना पेटीतले पाने मापाने लावून ठेवले, लहान, मोठा, त्याहून मोठा.

भिंगरीला दूध नको. आज कपाला हातही लावला नाही. मी आग्रह केला नाही. पुस्तकं कपाटावरून खाली काढली. खरंच धूळ बसली होती.

अजून दहा दिवस आहेत. समोरासमोर मी बोलेन. फोनवर माझं जमत नाही, माणूस दिसायला लागतो. ती ऐकेल, बॅग खाली ठेवेल. दहा दिवसांत मी काय काय करून दाखवते बघ.

१० एप्रिल.

शिवणबाईकडे जाऊन तालीम केली. ती सूनबाई झाली. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, मोठ्याने म्हण. म्हटलं, आता सगळ्या इमारतीला ऐकवायची सवय गेली. ती म्हणाली, मग निदान मला ऐकू येईल एवढं म्हण. दोनदा म्हटलं. तिने सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. म्हणाली, जीभ जरा जड आहे, पण चालेल. ती हसत नव्हती. मला आवडलं नाही ते.

१३ एप्रिल. रविवार. दुपारी.

आली. लिफ्टने. दार उघडलं तर भिंगरी माझ्या हाताखालून सुटली आणि आईच्या पोटात तोंड खुपसून उभी राहिली.  

आता माझं वाक्य. मी पुढे झाले, तोंड उघडलं आणि म्हणाले, किती वाळलीस! तिकडे बाटल्याच उकळून पितेस का?

जित्याची खोड. तालमीत हे नव्हतं.

सूनबाई म्हणाली, तुम्ही आहात तशाच आहात, आई. आवाजावरून राग आहे की काय ते कळलं नाही. कौतुक धरून चालते.

मग सामान. भिंगरीची मोठी चादर घडी करायची होती. सूनबाई एकटीच हनुवटीखाली धरून ओढाताण करत होती. हे माझ्याने बघवेना. एक टोक धरलं. ताणली, झटकली. पहिल्यांदा जवळ आलो, टोकं तिच्या हातात दिली, बोलायचं होतं, मागे गेले. दुसऱ्यांदा जवळ आलो. तिच्या बोटांना औषधाचा वास येतो, माझ्या बोटांना सोड्याचा येई तसा. मागे गेले. तिसऱ्यांदा चादर एवढीशी उरली. आता मागे जायला जागा नव्हती.

म्हटलं, ते पुस्तकाचं. त्या दिवशीचं. चुकलं गं.

सूनबाईने टोकं माझ्या हातातून घेतली, कोपरे जुळवले, वरून हात फिरवला. म्हणाली, जानेवारीत म्हणाला असतात, आई. आणि चादर बॅगेत ठेवली. हळू ठेवली. पण ठेवली.

चारची बस. भिंगरी लिफ्टमध्ये शिरताना म्हणाली, आजी, मासा सापडला का? म्हटलं, मासा कसला, किल्ली नव्हतीच हरवली. फाटक उघडंच होतं. ती म्हणाली, मला वाटलंच. लिफ्ट खाली गेली. आवाज नाही की हिसका नाही. मौनीबाबांनी काम चोख केलं होतं.

१४ एप्रिल.

काही नाही.

१६ एप्रिल. रात्री साडेआठ. घरात.

आठ वाजता फोन वाजला. सूनबाई म्हणाली, झोपत नाहीये, तुमची गोष्ट हवी म्हणते. मी सावरून बसले. म्हटलं होतंच ना! पुस्तकं आहेत, खिडकी आहे, चोवीस तास पाणी आहे, तरी माझ्यावाचून अडलं. एक बोलता पोपट आणि काचेची शिडी तयार ठेवली होती, आठवडाभर पुरतील अशी.

भिंगरी फोनवर आली. आता मान हलवत नाही, बोलते. म्हणाली, राणीचं नको, राणी इथे आहे, दात घासतेय. म्हातारीचं सांग. पुढे तिचं काय झालं?

पोपट गेला, शिडी गेली. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. 

म्हटलं, आहे ती. तिथेच.

एकटी?

नाही गं. तिचा मुलगा असतो.

तो बोलतो?

ऐकतो.

 मग विचारलं, जेवली का ती?

म्हटलं, हो तर. केव्हाच. पोटभर.

बरं, म्हणाली. जांभई दिली. सूनबाईने फोन घेतला, झोपली म्हणाली, आणि ठेवला.

तशीच अंधारात बसले. मग उठून स्वयंपाकघरात गेले. सकाळचा एक उकडलेला बटाटा होता. उभ्याउभ्या खाल्ला. पोरीला खोटं सांगितलं, असं नको व्हायला.